निशि-कासाइतलं घरगुती तेइशोकु: काय मागवावं, किती वाजता जावं

टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, तोझाइ मेट्रोच्या निशि-कासाइ स्टेशनपासून पायी जाता येईल अशी ही जागा. या भागात भारतीय कुटुंबं बरीच आहेत, त्यात मराठीही पुष्कळ, म्हणून सविस्तर लिहितो. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि आत राबणारी माणसं तीनच: चुलीपाशी मालक, बाहेर ताटं पोचवायला त्यांची बायको, आणि सकाळी भाज्या-लोणची करून जाणारी मालकांची आई. काउंटरला आठ खुर्च्या, शिवाय चौघांची दोन टेबलं. शरदापासून पावसाळ्यापर्यंत तिथे नेमाने जेवल्यावर मत बनलं ते असं: मंद शिजवलेलं सगळं उत्तम, तळलेलं घड्याळ बघून मागवावं, आणि शाकाहारी माणसाने विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

तेइशोकु म्हणजे ठरलेलं ताट. भात, मिसो सूप (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा), एक मुख्य पदार्थ, एक-दोन छोट्या वाट्या, लोणचं. पुण्यातल्या जुन्या खानावळीसारखाच हा कारभार: रोज काय असेल ते खानावळवाला ठरवतो, आपण वेळेवर जाऊन बसायचं. दाराशी फळ्यावर खडूने ‘हिगावारि’, म्हणजे त्या दिवसाचं ताट, लिहिलेलं असतं. ते ९०० येन, साबा मिसोनी (मिसोत शिजवलेला मासा) ९५०, शोगायाकी (आल्याच्या रसातलं डुकराचं मांस) ९५०, काराआगे (तळलेली कोंबडी) ९००. किंमती करासकट लिहिलेल्या असतात (एप्रिल २०२१पासून तसं बंधनच आहे), त्यामुळे बिलात वर काही चढत नाही. छापील मेनूत बावीस-तेवीस पदार्थ आहेत. तो मेनू बाजूला ठेवा आणि फळा वाचा. जपानी वाचता येत नसेल तर ‘हिगावारि ओनेगाइशिमास’ एवढं म्हटलं तरी काम होतं.

फळ्यावर भर द्यायचं कारण साधं आहे. दोन हातांच्या स्वयंपाकघरात ऐन बाराला सगळं ताजं करता येत नाही. पण जे आदल्या संध्याकाळी शिजवून मुरवलं की जास्त चांगलं लागतं, ते अशा ठिकाणी मोठ्या हॉटेलपेक्षा सरस मिळतं. निमोनो, म्हणजे दाशिमध्ये (मासा आणि शेवाळाच्या अर्कात) शिजवलेल्या भाज्या, हा तसला प्रकार. बटाटा असो की वाळवलेल्या मुळ्याचं किरिबोशि, उकळून उतरवल्यावर गार होतानाही चव आत शिरत राहते. इथले निमोनो रात्री उतरवून ठेवतात आणि सकाळी नुसते कोमट करतात. हिजिकी हे काळं समुद्री शेवाळ गाजर आणि तळलेल्या तोफूबरोबर येतं. मंगळवारी-बुधवारी ते मिळालं तर सोडू नका.

सगळ्याच्या मुळाशी दाशि आहे. काउंटरच्या डावीकडच्या टोकाला बसलं की पातेलं समोरच दिसतं. नेहमीचं प्रमाण लिटरभर पाण्याला १० ग्रॅम कोंबू, म्हणजे सुकवलेलं समुद्री शेवाळ, आणि २० ते ३० ग्रॅम कात्सुओबुशि, म्हणजे सुकवून धुरावलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे. कोंबू अर्धा तास तरी भिजू द्यायचा, मंद आचेवर पाणी तापवायचं आणि उकळी फुटायच्या आत तो बाहेर काढायचा. राहिला तर पाणी बुळबुळीत होतं आणि शेवाळाचा दर्प येतो. मग पापुद्रे टाकून गॅस बंद, एक-दोन मिनिटांत गाळून घ्यायचं. फडकं पिळायचं नाही, पिळलं की कडवट अंश उतरतो. कोंबूतलं ग्लुटामेट, म्हणजे त्याच्या चवीचा मूळ घटक, किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली वेगळं काढलं. माशातल्या इनोसिनेट या तशाच घटकाबरोबर ते आलं की चव नुसती जोडली जात नाही, कित्येक पटींनी वाढते. म्हणूनच इथलं सूप फिकट दिसूनही भरीव लागतं. गाळून उरलेला चोथा पुन्हा उकळतात आणि ते दुसरं दाशि निमोनोत वापरतात. झटपट दाशिची पूडही शेल्फवर दिसते, पण ती संध्याकाळच्या गर्दीत निघते. दुपारच्या आणि संध्याकाळच्या सुपातला फरक तिथूनच येतो.

मिसो सुपाबद्दल एक तक्रार आहे. मिसो विरघळवल्यावर सूप उकळू द्यायचं नसतं, सुगंध उडतो. इथे उघडताना मोठं पातेलं एकदाच भरतात आणि ते मंद आचेवर राहतं. पावणेबाराला मिळणारी वाटी सुरेख असते. दीडला मिळणारी आटून खारट झालेली असते आणि तळाशी वाकामे या शेवाळाचा गाळ असतो. १५० येन जादा देऊन तोनजिरु, म्हणजे डुकराचं मांस आणि भाज्या घातलेलं मिसो सूप, घेता येतं. त्यात गाजर, मुळा, गोबो ही लांब मुळी असते आणि ते मुरल्यावर बिघडत नाही, म्हणून उशिरा गेलात तर तेच घ्या. डुकराचं मांस खात नसाल तर मात्र नको.

साबा मिसोनी हा इथला सर्वांत चांगला पदार्थ. साबा आपल्या बांगड्याच्याच कुळातला, पण अंगाने मोठा आणि जास्त तेलकट. अशा दुकानांत वर्षातला बराच काळ नॉर्वेहून गोठवून आलेला मासा असतो आणि त्यात कमीपणा काही नाही, या पदार्थाला चरबी हवीच. तुकड्याच्या कातडीवर फुलीची चीर देतात, म्हणजे कातडी आकसून फाटत नाही आणि रस आत जातो. मग त्यावर कढत पाणी ओतून लगेच थंड पाण्यात बोटाने रक्त आणि चिकटा काढतात. हिवस वास येतो तो हे धुणं टाळल्यामुळे, मासा शिळा असल्यामुळे नेहमीच नव्हे. पुढे साके (तांदळाची दारू), मिरिन (स्वयंपाकातली गोड दारू), साखर, आल्याच्या चकत्या, आणि पातेल्याच्या तोंडापेक्षा लहान लाकडी झाकण थेट माशावर. रस कमी असला तरी त्या झाकणामुळे वरून फिरत राहतो आणि तुकडे उलटावे लागत नाहीत. मिसो दोनदा घालतात, थोडा आधी चवीसाठी, उरलेला शेवटी वासासाठी. इथे रस वाटीत घेऊन भातावर ओतण्याइतका सोडतात. काटे मधल्या रेषेत आणि पोटाच्या बाजूला असतात. चॉपस्टिक त्या रेषेला लावून आधी वरचा पाठीचा भाग उचलला तर अडचण येत नाही.

मिठाचा साबा, शिओयाकी, मागवत असाल तर बाराच्या आधी. मासे भाजायची जाळी एकच आहे आणि एका वेळी चार तुकडे मावतात. साडेबाराला ऑर्डर दिली तर पंधरा-वीस मिनिटं गेलीच.

तळणीची गोष्टही तीच. काराआगेचे कोंबडीचे तुकडे आधी १६० ते १७० अंशांच्या तेलात तीन-चार मिनिटं तळून काढायचे, थोडे थांबू द्यायचे, आतल्या उष्णतेने मधला भाग शिजतो, मग १८० ते १९० अंशांवर मिनिटभर पुन्हा तळायचे. यासाठी तेल दोनदा ठीक तापलं पाहिजे. इथे कढई एक. सव्वाबाराला सहा ताटं एकदम लागली की गार तुकडे पडून तेल थंडावतं, दुसरी तळण उरकली जाते आणि कवच मऊ, तेलकट होतं. साडेअकराला किंवा एकनंतर हेच काराआगे कुरकुरीत येतं. तोनकात्सु, म्हणजे डुकराच्या मांसाचं कटलेट, कधीच खास नव्हता, मांस पातळ आणि पावाचा चुरा बारीक. शोगायाकी बरी आहे, कारण शोयु (सोया सॉस), मिरिन, साके समप्रमाणात आणि किसलेलं आलं हा रस शेवटी तव्यात ओततात, मांस त्यात तासभर भिजवून ठेवत नाहीत. खारट रसात बराच वेळ राहिलं की पाणी सुटून ते चिवट होतं.

भाज्यांत कोमात्सुनाचं ओहिताशि, म्हणजे उकडून दाशित घातलेली पालेभाजी, आवर्जून खा. ही पालेभाजी याच एदोगावा वॉर्डातल्या कोमात्सुगावा भागाची आणि वॉर्डात आजही पिकते. पालकापेक्षा ऑक्सॅलिक आम्ल कमी, म्हणून जास्त उकळून पाणी फेकत बसावं लागत नाही. आधी देठ अर्धा मिनिट, मग पानं, लगेच थंड पाणी, घट्ट पिळून दाशि-शोयुत. हिवाळ्यात ती गोडसर लागते. शरदात सान्मा मासा फळ्यावर येतो, पण पकड कमी झालेल्या वर्षी तो महाग पडतो आणि तुकडा बारीक असतो. त्या पैशात साबाच घ्यावा.

भाताची परिस्थिती बदलली आहे. २०२४च्या उन्हाळ्यात दुकानांतून तांदूळ दिसेनासा झाला आणि २०२५च्या वसंतात सुपरमार्केटमधली ५ किलोची पिशवी ४,००० येनच्या वर गेली, वर्षभरापूर्वीच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे भात पुन्हा घेतला की आता १०० येन पडतात, जास्तीची वाटी म्हणजे ‘ओओमोरि’ तेवढ्यालाच. साधी वाटी मोठ्यांना पुरते. कमी हवा असेल तर ‘गोहान सुकुनामे दे’ म्हणावं, कारण ताटात भात टाकणं तिथे वाईट दिसतं. भात गॅसवर शिजवून लाकडी झाकणाच्या डब्यात ठेवतात. सव्वाएकनंतर तो कडेने सुकतो. नवा तांदूळ आला की पाणी कमी लागतं आणि पहिल्या काही दिवसांत अंदाज चुकून भात मऊ होतो, हे इथेही झालं. तक्रार करण्यासारखं नाही.

आता शाकाहार. भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी नसते. मिसो सूप, निमोनो, ओहिताशि, सॅलडवरचा शोयुचा रस, अगदी गोड आम्लेट तामागोयाकीसुद्धा, सगळ्यांत मासळीचं दाशि असतं. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम असतो, कोरोक्के या बटाट्याच्या तळलेल्या पॅटिसात खिमा. करी राइस भाजीचा असला तरी तयार मसाल्याच्या वडीत बहुधा गाय किंवा डुकराची चरबी असते. गोमांस टाळणाऱ्यांसाठी: निकुजागा, म्हणजे मांस-बटाट्याचा रस्सा, कांतो (टोकियोच्या) भागात बहुधा डुकराच्या मांसाचा, कान्साइत (ओसाकाकडे) गाईच्या. इथला डुकराच्या मांसाचाच आहे, पण ओसाकाला गेल्यावर हा हिशेब धरू नका. शिवाय हॉटेलात ताटावर ॲलर्जीची माहिती लिहिणं बंधनकारक नाही, ते बंधन पाकीटबंद पदार्थांना आहे. म्हणजे विचारणं आपल्यावर.

‘निकु तो साकाना गा ताबेरारेमासेन, दाशि मो दामे देस’ (मांस-मासे खाता येत नाहीत, दाशिही चालत नाही) हे वाक्य कागदावर जपानी लिपीत लिहून न्यावं. बोलून दाखवलं तर वरचे पापुद्रे काढून तेच ताट येण्याची शक्यता असते. मालकीणबाई मनाने चांगल्या आहेत पण बाराच्या गर्दीत त्यांना दोन मिनिटंही नसतात. आदल्या दिवशी दोनच्या सुमारास, दुकान आवरताना जाऊन सांगितलं तर कोंबू आणि सुक्या शिताके अळंब्यांचं दाशि करून सूप आणि एक निमोनो मिळतो. ऐन वेळी जमेल ते एवढंच: भात, गार तोफू (वर पापुद्रे नकोत, साधा शोयु हवा असं सांगून), नत्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, आणि लोणचं. नत्तोबरोबरच्या छोट्या पुडीतल्या रसातही मासळीचा अर्क असतो, ती बाजूला ठेवून शोयु घ्या. मिरिन आणि साके यांत मद्यार्क असतो, तोही चालत नसेल तर निमोनो सोडावे लागतील.

लोणचं आजीबाईंचं, म्हणजे मालकांच्या आईंचं, भाताच्या कोंड्यात मुरवलेलं नुकाझुके. कोंड्याला वजनाच्या दहा-बारा टक्के मीठ, पाणी, आणि रोज तळापासून हात फिरवणं. ढवळलं नाही की वर पांढरा थर येतो आणि वास बिघडतो. उन्हाळ्याकडे काकडी अर्ध्या दिवसात मुरते, थंडीत दीड-दोन दिवस. जूनच्या दमट हवेत इथली काकडी नेहमीपेक्षा आंबट झाली होती, आमच्यातल्या काहींना तीच जास्त आवडली. कोंड्यात कोंबू घालतात, इथे सुकी मासळी नाही, पण दुसरीकडे असते.

बाकी व्यवहार थोडक्यात. नोटा-नाणीच चालतात, दहा हजारांची नोट दुपारी काढू नका. टीप ठेवायची नाही. पाणी आणि चहा आपला आपण घ्यायचा. बारा ते एक चौघांनी एकत्र जाऊ नये, टेबल दोनच आहेत आणि परक्यांबरोबर बसावं लागतं. बाबागाडी आत येत नाही. कंपनीला पावती लावायची असेल तर आधी विचारा, ऑक्टोबर २०२३पासून कराच्या वजावटीसाठी पावतीवर नोंदणी क्रमांक लागतो आणि छोट्या दुकानांकडे तो असतोच असं नाही. इथे नाही.

सिगारेटचा मुद्दा मुलांना नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. एप्रिल २०२०पासून टोकियोत नोकर ठेवणाऱ्या खानावळींत जेवणाच्या जागी धूम्रपान बंद आहे, पण फक्त घरचीच माणसं राबतात अशा छोट्या जागांना निवड दिलेली आहे. या दुकानाने बंदीच ठेवली आहे. शेजारच्या गल्लीतल्या तशाच दिसणाऱ्या दुकानात चालत असेल तर तिथे २० वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. दारावरचा स्टिकर बघावा.

संध्याकाळी दारू मागवली की न मागता एक छोटी वाटी पुढे येते, ती ओतोशि, आणि तिचे ३०० येन बिलात लागतात. फक्त तेइशोकु घेतलं तर लागत नाहीत.

दारावर नोरेन, म्हणजे कापडी पडदा, बाहेर टांगलेला असेल तर दुकान उघडं. आत घेतला असेल तर दिवे दिसले तरी परत फिरा. दुपार साडेअकरा ते दोन, शेवटची ऑर्डर दीडला. रविवार आणि सरकारी सुट्ट्या बंद, ऑगस्टच्या मध्याला ओबोन या पितरांच्या सणाचे काही दिवस आणि वर्षअखेर बंद. बांधून घेतलं तर कर ८ टक्के, बसून खाल्लं तर १०, पण इथे किंमत दोन्हीला एकच आहे. बांधून न्यायला साबा मिसोनी ठीक, काराआगे नको, डब्याच्या वाफेत दहा मिनिटांत कवच जातं.