फोर्झा होरायझन ५ या कार-गेममधली '६४ शेव्हरलेट इम्पाला: सहा-सात महिने चालवल्यावर

कंट्रोलरचा डावा, म्हणजे ब्रेकचा ट्रिगर गेला. दाबला जातो, पण अर्ध्याच्या पुढचा दाब गेमला कळतच नाही. नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्यानं साडेसहाशे सांगितले, वर विचारलं, "एवढा ब्रेक कशाला मारता?" त्याला काय सांगणार, घरी १९६४ ची इम्पाला एसएस ४०९ आहे म्हणून!

गेमची ओळख करून देत बसत नाही, मेक्सिकोचा नकाशा सगळ्यांनी पालथा घातलाय. ही गाडी मात्र ऑटोशोमध्ये, म्हणजे गेममधल्या गाड्यांच्या दुकानात, बघून पुढे सरकणारेच जास्त. सव्वापाच मीटरहून लांब, ४०९ घनइंचाचा व्ही-८, सरळ रस्त्याला झकास पळते. थांबत मात्र नाही. खऱ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? वळवणं म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणं. झुकायच्या आधी अंदाज आला नाही तर नंतर नुसतं सावरत बसायचं. नकाशातल्या ग्वानाहुआतो शहराच्या गल्ल्यांत ट्रिगर तळापर्यंत दाबून धरला तरी ही आपली निवांत भिंतीकडे निघालेली. मग रिवाइंड, म्हणजे गेम काही सेकंद मागे न्यायचा. परत तेच.

त्यात लोरायडर (जमिनीलगत झुकवलेली शोभेची गाडी) म्हणावं तर माझ्या गाडीला वर-खाली करणारे हायड्रॉलिक्स नाहीत. कॅलिफोर्नियात गाडी रिमच्या खाली झुकवायला कायद्यानं बंदी आली, तेव्हा तिथल्या मेक्सिकन वस्तीतल्या पोरांनी विमानांचे जुने पंप बसवून गाडी हवी तेव्हा वर-खाली करायची सोय केली. इथं रेस स्प्रिंग घ्या आणि उंचीची पट्टी खाली ओढा, संपलं. फार खाली नेली की खडबडीत रस्त्यावर सस्पेन्शन आपटतं. चुलतभाऊ म्हणतो, "नाचत नाही तर घेतली कशाला बे?" दिसते छान, म्हणून घेतली.

इथपर्यंतचं दिवाळीत लिहून ठेवलं होतं, दोन स्टार देऊन. आता चार देतोय.

साडेसहाशे द्यायचे नव्हते, म्हणून ट्यूनिंगमध्ये, म्हणजे गेममधल्या गाडीच्या जुळवणीत, शिरलो. रेस ब्रेक बसवले की ब्रेक प्रेशरची पट्टी खुली होते. ती १०० टक्क्यांवरून दीडशेच्या वर नेली. आता ट्रिगर अर्धा दाबला की ब्रेक पुरता लागतो, मेलेल्या अर्ध्या भागाची गरजच उरली नाही! एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी सोय) तेवढं चालू ठेवा, नाहीतर चाकं जाम होतात. कंट्रोलरचा डेडझोन (ट्रिगरचा किती दाब गेमनं मोजायचा ते ठरवणारी सेटिंग) बदलूनही हे साधतं, पण तो सगळ्याच गाड्यांना लागू होतो आणि भावाचा धड कंट्रोलर जोडला की त्याची बोंब सुरू. जोडीला वळणावर गाडी कलू न देणारे जाड अँटी-रोल बार टाकले. इंजिन मुद्दाम बदललं नाही, ४०९ चा आवाज जायला नको. गाडी अजून जडच आहे, पण वळणाआधी वेग उतरतो, त्यामुळे बी क्लासच्या (गेममधल्या मधल्या ताकदीच्या गटातल्या) शर्यतीत पहिल्या तिघांत येते.

बाकी गाड्यांना ब्रेक अर्धाच लागतो, म्हणून सध्या इम्पाला सोडून काही चालवत नाही. ट्यून मागायला येणाऱ्यांना एकच सांगणं: तुमचा ट्रिगर शाबूत असेल तर प्रेशर परत शंभरावर आणा, नाहीतर बोट टेकताच गाडी नाक खुपसून उभी राहील.