आडनावाच्या इतिहासाची फ्रेम: मजकूर घ्या, ढाल सोडा

परदेशी सुनेच्या माहेरी किंवा मुलाच्या साहेबाला काय द्यावं, यावर बडोद्यातल्या भेटवस्तूंच्या दुकानांनी शोधलेलं नवं उत्तर म्हणजे इंग्रजी आडनावाचा इतिहास छापलेली फ्रेम. जुनाट पिवळसर कागद, वर ढाल आणि शिरस्त्राण, खाली पंधरा-वीस ओळींचा मजकूर. दुकानाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. साचा बहुतेक ठिकाणी असाच असतो, आणि चुकाही त्याच.

तपासायला 'बॉर्डन' हे आडनाव घेतलं, कारण बडोद्याला ते परकं नाही. सयाजीरावांनी 1910 साली राज्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवायला अमेरिकेतल्या न्यू हेवनहून विल्यम अ‍ॅलनसन बॉर्डन यांना बोलावलं होतं. माणूस अमेरिकेतला, पण आडनाव इंग्लंडच्या केंट परगण्यातलं. सिटिंगबोर्नजवळ बॉर्डन नावाचं खेडं आहे. फ्रेमने हे गाव बरोबर दिलं आहे, त्याचे गुण द्यायलाच हवेत.

गडबड पुढे आहे. नावाचा अर्थ फ्रेम ठामपणे सांगते, 'रानडुकरांची दरी'. नावाच्या पहिल्या भागाबद्दल, म्हणजे 'बॉर'बद्दल, अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी रानडुक्कर म्हणतं, कुणी टेकडी. शेवटच्या 'डेन'चीही दोन मुळं संभवतात. जुन्या इंग्रजीत 'डेनु' म्हणजे दरी आणि 'डेन' म्हणजे डुकरं चारायचं रान. टेंटरडेन, बिडेंडेन अशी या दुसऱ्या 'डेन'ची गावं केंटमध्ये बरीच आहेत. मजकुरात 'बहुधा' एवढा एक शब्द असता तरी चाललं असतं.

दुसरी ओळ त्याहून वाईट: 'हे कुळ 1086 च्या डूम्सडे बुकात नोंदलेलं आहे.' ती जमिनींची आणि धारकांची मोजदाद होती. सामान्य माणसाला बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव तेव्हा नव्हतंच. इंग्लंडमध्ये ही आडनावं मुख्यतः 1250 ते 1400 या काळात स्थिरावली, दक्षिणेत आधी, उत्तरेत मागाहून. डूम्सडेत फार तर गाव सापडेल, कुळ नाही. जुन्या कागदात गावाच्या नावाआधी 'डी' (म्हणजे 'अमुक गावचा') दिसला की फ्रेमवाले लगेच नॉर्मन सरदार काढतात. पण तो 'डी' लॅटिन-फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या कारकुनाचा. गावचा साधा कुळवाडीसुद्धा त्याच्या दप्तरात 'डी' लावून बसलेला असतो.

गावाचं नाव माणसाला चिकटतं दोन वाटांनी: एक तर तो त्या गावचा जमीनदार, नाहीतर गाव सोडून दुसरीकडे गेलेला. दुसरी वाट आपल्याला सांगायला नको. होळ गावात राहून कुणी होळकर म्हणवून घेत नाही, सगळेच होळचे. म्हणून आडनाव बॉर्डन असलेला पूर्वज ते आडनाव पडलं तेव्हा बॉर्डनमध्येच राहत होता, असं धरून चालू नये.

बॉर्डनचं निदान एक ठळक गाव तरी आहे. बर्टन, सटन, नॉर्टन, प्रेस्टन ही आडनावं मागवणार असाल तर जपून. या नावांची गावं इंग्लंडभर विखुरलेली आहेत, आपल्याकडच्या वडगावांसारखी. सगळे वडगावकर एका कुळाचे नसतात, तसे सगळे सटनही नसतात. फ्रेमवर एकच गाव छापलं असेल तर ते अंदाजाने निवडलेलं समजा. निदान परगणा ठरवायचा तर 1881 च्या जनगणनेत ते आडनाव कुठे दाट होतं ते पाहा. 1837 पासूनच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदींची सूची फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर फुकट चाळता येते. त्याआधीचं हवं तर चर्चच्या नोंदवह्या, त्या 1538 पासून सुरू होतात. सगळ्याच टिकलेल्या नाहीत.

ढालीबद्दल स्पष्टच सांगायचं तर ती शोभेची आहे. ढालीवर असतं ते कुलचिन्ह, आणि इंग्लंडमध्ये ते आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला मिळतं आणि पुरुष वंशात चालतं. हे काम पाहणारी कॉलेज ऑफ आर्म्स ही लंडनची संस्था 1484 पासूनची आहे आणि तिचंही म्हणणं हेच. इंग्रज व्याह्यांपैकी कुणी जाणकार निघाला तर फ्रेम भिंतीऐवजी कपाटात जाईल.

छपाई ठीक. खालची मराठी ओळ हवी असेल तर मजकूर युनिकोडमध्ये पाठवा आणि छापण्याआधी प्रूफ मागा. जुन्या फॉन्टमध्ये गेला की रफार आणि जोडाक्षरं फुटतात. शाई पिगमेंटची आहे का ते विचारा, डाय शाई उजेडात लवकर उडते. कागद काचेला चिकटू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात डाग पडतात. मागचा हार्डबोर्ड दमटपणाने फुगतो, त्याच्या कडा टेपने बंद करून घ्या. ढाल काढून नुसता मजकूर छापून द्यायला बहुतेक दुकानं तयार होतात. ऑर्डर देतानाच सांगायचं, कारण साचा एकदा लागला की बदलाचे वेगळे पैसे लावतात.