मारवाडी घोडा घ्यावा की भीमथडी?

उंची, रंग, अंगावरचे केसांचे भोवरे, देवमण (शुभ मानला जाणारा गळ्यावरचा भोवरा) यांत शिरत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेला, तिथल्या घोडेबाजाराला निघण्याइतपत ज्यानं मनावर घेतलंय, त्याला ते पाठच असतं. मी दोन्ही बाळगलेत, तेवढ्यावरून सांगतो.

मारवाडी राजबिंडा, यात वाद नाही. आत वळून टोकाला टोक भिडवणारे कान, उभी मान, आणि रेवाल चाल लागली की पाठीला हिसका बसत नाही. लांबचा पल्ला आणि उंच सवार असेल तर मीही त्याचंच नाव घेईन.

माझं बिनसलं ते नाचावरून. आमची घोडी आधी वरातीत नाचलेली. लगाम ताणून धरला आणि पायाला काठी लागली की जागच्या जागी पाय उचलायचे, हे तिच्या अंगात मुरलेलं. उतारावर थांबवायला लगाम आवळावा, तर बाईसाहेब नाचायला सुरुवात! लांबून हलगी ऐकू आली तरी तेच. गणपतीच्या दिवसांत तिला रस्त्यावर काढायची सोय नव्हती. याला खोड म्हणता येत नाही, तिनं शिकवलेलंच केलं. कोरं शिंगरू घेऊन स्वतः तयार केलंत तर हा प्रश्न कदाचित येणारही नाही. पण बाजारात नाचणाऱ्यालाच भाव, त्यामुळे कोरं जनावर शोधावं लागतं.

भीमथडीची शाळा धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळावर. पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोकरं-कोंबड्या, पायांत कुत्री, शेजारून ट्रक. असं घाट उतरून कोकणात जायचं आणि परत यायचं. तो वाजंत्रीला काय बुजणार? मराठ्यांच्या शिलेदारांनी याच भीमाकाठच्या तट्टांवर मजला मारल्या. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली. आमचा तर कडब्यावर खूश असतो, हरभरा मिळाला तर सण.

उणं आहेच. दुडकी चाल पाठ काढते, वजनदार माणसानं त्यावर बसू नये, आणि वरातीला कुणी विचारत नाही. शिवाय चांगली घोडी धनगर सहजी सोडत नाही. पावसाळ्यात वाडे फलटण-बारामतीकडे परतलेले असतात, तेव्हा ओळख काढून जावं.

तरीही मारवाडीच मनात भरला असेल, तर विकणाऱ्याला नाच दाखवायला सांगू नका. वाजंत्रीजवळ नेऊन लगाम ओढा आणि चारही पाय जमिनीवर राहतात का, एवढं बघा.