नेपल्सचं ‘दा मिकेले’: मारिनारासाठी रांग लावा

नेपल्सला एकाच जेवणापुरता वेळ असेल, तर ‘लान्तिका पिझ्झेरिया दा मिकेले’त जा आणि मारिनारा पिझ्झा मागवा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. बस्स. चीज नाही. आमची सांगलीत बेकरी आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली. पीठ, यीस्ट आणि भट्टी यांच्यातच माझी इतकी वर्षं गेली आहेत. इतक्या थोड्या सामानात इतकं चांगलं काही मी परदेशात दुसरीकडे खाल्लेलं नाही.

मुख्य रेल्वे स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. फोर्चेल्लाचा भाग आहे. गल्ल्या अरुंद, वर वाळत घातलेले कपडे, मधून सुसाट जाणाऱ्या स्कूटर. टेबल आधी राखून ठेवण्याची सोय धरून जाऊ नका. आत जाऊन नंबर घ्यायचा, बाहेर रस्त्यावर येऊन थांबायचं. नंबर इटालियनमध्ये पुकारतात. माझी मुलगी मिलानला शिकते, त्यामुळे आमचं अडलं नाही. तुमच्याबरोबर तसं कोणी नसेल, तर आपल्या आकड्याचा उच्चार मोबाईलवर ऐकून ठेवा. आम्ही सकाळी साडेअकराला पोचलो, तरी बराच वेळ उभं राहावं लागलं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर उन्हाचा विचार करूनच निघा.

कोंदुर्रो घराणं १८७० पासून या धंद्यात आहे आणि आताच्या जागेत हे दुकान १९३० पासून आहे. आत संगमरवरी टेबलं, भिंतींना पांढऱ्या-हिरव्या फरश्या. शोभेचं म्हणावं असं फारसं काही नाही. जागा मोकळी असेल तर अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात, आणि ते इथे कुणालाच वावगं वाटत नाही. मेन्यू वाचायला अर्धं मिनिट पुरतं. वर्षानुवर्षं इथे मारिनारा आणि मार्गेरिटा एवढेच दोन पिझ्झे मिळत. आता आणखी एक-दोन आहेत, पण मूळ धरून. मागवल्यावर मात्र फार थांबावं लागत नाही.

मला भट्टी दिसेल अशी जागा मिळाली आणि मी जेवणाआधीच तृप्त झाले. एकजण गोळा घेतो, बोटांनी मधली हवा कडेला सारतो, मग पीठ उलटसुलट फिरवत ताणतो. लाटणं नाही. खानदेशात बायका हातावर मांडा मोठा करतात तशीच ती लय आहे. दुसरा टोमॅटो पसरतो, तिसरा लांब दांड्याच्या फावड्याने पिझ्झा आत सरकवतो आणि नजर न हलवता फिरवत राहतो. कोणी कोणाशी बोलत नाही, कोणाचं कोणावाचून अडत नाही. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवतेच्या वारशात जागा दिली. पाककृतीला नव्हे, करणाऱ्यांच्या कसबाला मान मिळाला, हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्याकडे पहाटे तीनला उठून पीठ मळणारा कारागीर कुणाच्या खिजगणतीत नसतो.

आता पिठाबद्दल, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. अस्सल नेपल्स पिझ्झा जपण्यासाठी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे नियम कडक आहेत. एक लिटर पाण्याला साधारण १.६ ते १.८ किलो मैदा, ४० ते ६० ग्रॅम मीठ आणि ताजं यीस्ट जास्तीत जास्त ३ ग्रॅम. साखर नाही, तूप-लोणी नाही, कसलीच चरबी नाही. यीस्ट इतकं कमी म्हटल्यावर पिठाला तासन्‌तास मुरू द्यावं लागतं, आणि चव त्या मुरण्यातूनच येते. भट्टी ४३० ते ४८० अंशांवर, पिझ्झा आत फक्त ६० ते ९० सेकंद. आमची पावाची भट्टी याच्या निम्म्याच्या आसपास असते. एवढ्या आचेत पिठात साखर असती तर कड करपून गेली असती. आणि वेळ इतका कमी म्हणून आतला ओलावा उडून जात नाही. म्हणूनच मध्यभाग मऊ, ओलसर राहतो. तो कच्चा राहिलेला नसतो, तसाच असायला हवा. कुरकुरीत पापडी हवी असेल तर हा पिझ्झा तुमच्यासाठी नाही.

पिझ्झा ताटाबाहेर लोंबतो एवढा मोठा. कडेला काळे ठिपके, मधे लाल टोमॅटोचा आंबटगोड रस आणि लसणाचे काप. पहिल्या घासाला टोमॅटो, मग लसूण, आणि शेवटी जिभेवर गव्हाचीच गोडी राहते. मार्गेरिटाही उत्तम होती, पण चीज आलं की पीठ मागे पडतं. मला पीठ चाखायचं होतं.

आमच्या सासूबाई पंढरीच्या माळकरी. इटलीत त्यांच्या जेवणाची फार ओढाताण झाली. पार्मिजानो रेज्जानो नियमानुसार वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनेच, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्यानेच, बनतं, पेकोरिनो रोमानोला कोकराचं लागतं, आणि ही दोन्ही चीजं कशावरही किसून टाकतात. मोझ्झारेलाचीही खात्री देता येत नाही. शेवटी त्या ब्रेड आणि फळांवर आल्या होत्या. रोममध्ये एका प्रसिद्ध चौकाजवळच्या हॉटेलात, नाव देत नाही, ‘शाकाहारी’ म्हणून आणलेल्या पास्त्यावर चीज भुरभुरलेलं होतं. शिवाय माणशी बसण्याचे पैसे वेगळे आणि सेवेचे वेगळे. ‘दा मिकेले’त मुलीने मारिनाराचा एकेक जिन्नस विचारून घेतला आणि म्हणाली, “आजी, हे तू निर्धास्त खा.” आईंनी अख्खा पिझ्झा संपवला. त्यांना पोटभर जेवताना पाहून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. घरात माळकरी किंवा कट्टर शाकाहारी माणूस असेल, तर इटलीत कुठेही हे एक नाव लक्षात ठेवा: मारिनारा. तरी प्रत्येक ठिकाणी मासा किंवा चीज घालत नाहीत ना, एवढं विचारून घ्या.

लाकडाच्या जाळाबद्दल एक बोलायचं आहे. मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं, तेव्हापासून आमच्या धंद्यात सगळे धास्तावले आहेत. लाकडाची चव मला प्रिय आहे, पण भट्टीसमोर उभ्या माणसाच्या छातीत जाणारा धूरही मी जवळून पाहिला आहे. नेपल्सच्या त्याच संघटनेने आता विजेच्या भट्टीलाही मान्यता दिली आहे. पीठ नीट मुरलेलं असेल तर आपला पावही यातून तरून जाईल, असं मला मनापासून वाटतं.

पिझ्झ्याचे दर आम्ही गेलो तेव्हा सहा युरोंच्या आसपास होते. इटलीतल्या जेवणाच्या मानाने हे स्वस्तच. सोबत पाणी, कोक किंवा बिअर. निवांत गप्पा मारत बसायची ही जागा नाही, बाहेर लोक ताटकळत असतात. पार्सल मिळतं, पण डब्यात वाफ धरून कड वातड होते, तेव्हा शक्यतो आतच बसा. तिघं असाल तर दोन मारिनारा आणि एक मार्गेरिटा मागवा, आणि मार्गेरिटा आधी संपवा. चीज गार झालं की घट्ट होतं, मारिनारा थोडी थांबते.