सीस्टार एस५० : एम ५१ टिपायला कितपत पुरते?

सीस्टार एस५० ही मोबाइल अ‍ॅपवरून चालणारी, स्वतःच आकाशाचे फोटो टिपणारी छोटी दुर्बीण. सप्तर्षींच्या पतंगाची शेपटी मरीची ताऱ्याशी संपते. तिथून साधारण साडेतीन अंशांवर एम ५१ ही सर्पिल दीर्घिका आहे. तिचे वळसे पहिल्यांदा ओळखले लॉर्ड रॉस यांनी, १८४५ मध्ये, आयर्लंडमधल्या ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून. सीस्टारचं भिंग ५० मिमीचं, तरी अंधाऱ्या गावात तासाभराच्या स्टॅकमध्ये (अनेक फोटो एकावर एक रचून केलेल्या चित्रात) ते वळसे आणि शेजारची एनजीसी ५१९५ ही छोटी दीर्घिका व्यवस्थित उमटतात. हे मनापासून कौतुकाचं आहे.

आकार मात्र लहान मिळतो. फोकल लांबी २५० मिमी आणि पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, त्यामुळे एका पिक्सेलवर सुमारे २.४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) येतात. ११ कलांची (कला म्हणजे ६० विकला) एम ५१ जेमतेम २७५ पिक्सेल व्यापते. मोबाइलवर छान दिसते, मोठ्या प्रिंटला पुरत नाही. एम ८१ आणि एम ८२ या शेजारी दीर्घिका एकाच चौकटीत बसतात. देवयानी दीर्घिका बसत नाही.

आपल्याकडे खरा त्रास प्रतिमा फिरण्याचा. साध्या मोडमध्ये दुर्बीण फक्त आडवी-उभी वळते आणि आकाश चौकटीत हळूहळू फिरत राहतं. पुण्याच्या अक्षांशावर एम ५१ मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) ६१ अंश उंच असते, तेव्हा हा वेग ताशी २९ अंशांच्या आसपास जातो. १० सेकंदांत कोपऱ्यातला तारा दीड पिक्सेल सरकतो, ३० सेकंदांत साडेचार. म्हणून १० सेकंदांचंच एक्स्पोजर ठेवा आणि दीर्घिका ईशान्येला ४० अंशांवर आली की सुरुवात करा. तिथे फिरणं निम्म्यावर असतं.

इक्यू मोडमध्ये (दुर्बीण आकाशाच्या फिरण्यासोबत वळते त्या मोडमध्ये) हे फिरणं थांबतं, पण त्यासाठी अक्ष ध्रुवाकडे झुकवावा लागतो. लंडनला ३९ अंश कलवलं की भागतं, पुण्यात ७१! यंत्र जवळपास आडवं होतं आणि सोबतचा छोटा ट्रायपॉड उलटतो. जड ट्रायपॉड आणि पक्कं वेज (दुर्बीण कलती धरणारा आधार) घ्या, एक पाय दुर्बिणीच्या झुकावाखाली आणा, मधल्या दांड्याला दोन-तीन किलो वजन टांगा. एवढी तयारी नसेल तर साधा मोडच बरा.

ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच ठरावीक पट्टे आत सोडणारा) बंद ठेवा. तो तेजोमेघांसाठी आहे. दीर्घिकेचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तोही कापला जातो. प्रत्येक फ्रेम साठवण्याचा पर्याय आठवणीने चालू करा. एका फ्रेमची फिट्स फाइल (कच्चा फोटो) सुमारे ४ एमबीची, म्हणजे तासाभराच्या ३६० फ्रेमना दीड जीबी. अ‍ॅपचा तयार स्टॅक पाहायला ठीक, पण सिरिल या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये लांबट तारे आणि ढगाळ फ्रेम काढून पुन्हा स्टॅक केला की वळशांच्या कडा कितीतरी सुधारतात. सेन्सरला कूलिंग नाही, त्यामुळे एप्रिलच्या उकाड्यात नॉइज (चित्रातले नको असलेले ठिपके) वाढतो. एक तासाऐवजी तीन तास टिपा. रात्र गार होईल तसं तासातून एकदा ऑटोफोकस करा. दवासाठीचा हीटर चालू असेल तर बॅटरी भरभर उतरते, पॉवर बँक लावूनच बसा.