कंस घालून मोकळं व्हायचं की मॅक्रो लावायचे?

सी भाषेतल्या ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) प्रिसिडेन्सचा, म्हणजे कुठला ऑपरेटर आधी चालतो याचा, घोळ सापडला की दोन रस्ते असतात, एकतर जागच्या जागी कंस टाकून पॅच पाठवायचा, नाहीतर ती बिटांची सगळी ओढाताण काढून लिनक्समधले फील्ड_गेट, फील्ड_प्रेप हे हवे ते बिट काढणारे आणि भरणारे तयार मॅक्रो लावायचे. मी दोन्ही करून बसलोय. कुठला ऑपरेटर कुणाच्या आधी हे तुम्हाला माहीत असणारच. == (सारखे आहेत का ही तुलना) हा & (बिटांवरचं 'आणि') च्या आधी का, तर && (दोन अटी जोडणारं 'आणि') नंतर आलं आणि तोवर & वापरून लिहिलेला कोड मोडू नये म्हणून सी भाषा बनवणाऱ्या डेनिस रिचीने क्रम तसाच ठेवला, आणि आपण अजून भोगतोय.

कंसाचं सुख म्हणजे डिफ, म्हणजे कोडमधला बदल, एका ओळीचा. रिव्ह्यू दोन मिनिटांत, जुन्या कर्नलमध्ये न्यायलाही सोपा. रिलीज तोंडावर असेल तर मीही हेच करीन.

पण मला वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्याकडे एक ओळ होती, इफ (स्टेटस & रेडी == ०). विचारायचं होतं की रेडीचा बिट बंद आहे का, पण == आधी चालतो. रेडी शून्य नाही, म्हणजे रेडी == ० हे कायम खोटं, म्हणजे अख्खी अट कायम खोटी, आतली टाइमआऊटची शाखा कधी चाललीच नाही. बरं, वॉर्निंग्ज चालू असतील तर जीसीसी कंपायलर यावर ओरडतो, पण ओरडतो काय, तर & च्या बाजूच्या तुलनेभोवती कंस घाला! आणि माझ्या आधी कुणीतरी अगदी आज्ञाधारकपणे तसंच केलं होतं, स्टेटस & (रेडी == ०). वॉर्निंग गेली, बग तिथेच, वर आता तो मुद्दाम लिहिल्यासारखा दिसायला लागला. मी ती ओळ तीन-चारदा वाचून पुढे गेलो आणि दोन संध्याकाळी हार्डवेअरला शिव्या घालत बसलो.

फील्ड_गेट(रेडी, स्टेटस) == ० लिहिलं की आधी कोण हा प्रश्नच उरत नाही, मध्ये स्वल्पविराम आहे. बिट किती सरकवायचे ती शिफ्ट मास्कवरूनच (कुठले बिट हवेत ते सांगणारा आकडा, इथे रेडी) निघते, मास्क शून्य असला किंवा मध्येच भोक असलं तर कंपाईलच होत नाही. तोटेही आहेत, मास्क कंपाईलच्या वेळी ठरलेला लागतो, त्यामुळे चिपप्रमाणे मास्क बदलत असेल तर हे मॅक्रो चालत नाहीत, आणि डिफ वाढतो तो वाढतोच. शिवाय सगळंच काही सुटत नाही, कंट्रोल | फास्ट ? अ : ब (फास्ट असेल तर अ, नाहीतर ब, असं म्हणायचं असतं) यात कंट्रोल | फास्ट हीच अट होऊन बसते, तिथे मॅक्रो काही करत नाही, जीसीसीही माझ्याकडे गप्प होता. तिथे मी सरळ वेगळं व्हेरिएबल घेतो.

तुमचा ड्रायव्हर छोटा असेल, एखादीच अशी ओळ असेल, तर कंस पुरतील बहुतेक. माझा कल मात्र मॅक्रोकडे आहे, आणि त्याचं अर्धं कारण असं की ते लावताना अख्खं फंक्शन वाचावं लागतं. त्या टाइमआऊटच्या शाखेत आधीच धरलेला स्पिनलॉक (सुटेपर्यंत जागेवर वाट बघायला लावणारं कुलूप) परत घेतलेला होता, इतकी वर्षं ती चाललीच नाही म्हणून कुणाला कळलं नाही. नुसता कंस हलवला असता तर पहिल्याच टाइमआऊटला मशीन लटकलं असतं.