‘समलैंगिकतेवर खात्रीशीर इलाज’: पैसे भरण्याआधी वाचा

मुलगा समलैंगिक आहे हे घरात कळलं की सोलापुरात पहिला फोन जातो मामाला. मामाच्या ओळखीत ‘एक खात्रीचा माणूस’ असतोच. तो कधी गुप्तरोगाच्या पाटीखाली बसलेला असतो, कधी स्वतःला समुपदेशक म्हणवतो, कधी गावाकडचा देवऋषी असतो. माल एकच: पोरगं ‘नॉर्मल’ करून देतो आणि बभ्रा होऊ देत नाही. कुणा एकाचं नाव घेण्यात अर्थ नाही, पद्धत सगळीकडे सारखीच. पाचपैकी शून्य तारे.

मूळ खोट ही की जो आजारच नाही त्याचा इलाज विकला जातोय. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं 2018 मध्ये तेच सांगितलं, आणि त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून मोकळं केलं. मद्रास हायकोर्टाच्या आदेशावरून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये असले ‘बदलण्याचे’ उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्यामुळे पाटीवरची डिग्री खरी असली तरी डॉक्टर अडचणीत येतो. खोटी असली तर बोलायलाच नको.

पॅकेजची सुरुवात बहुधा रक्ततपासणीनं होते, आणि खरी हातचलाखी इथेच आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं, जेवणानंतरही कमी भरतं. म्हणून नमुना सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचा असतो. कमी आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासायचा. असल्या ठिकाणी पोराला दुपारी चार वाजता, पोटभर जेवण झाल्यावर टोचतात. प्रौढ पुरुषात साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही पातळी धरतात. दुपारी 290 आलं की लाल पेनानं गोल करून कागद वडिलांपुढे सरकवायचा: ‘बघा, हार्मोनच कमी आहे.’ समलैंगिक पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन इतर पुरुषांइतकंच असतं, हे त्या टेबलावर कुणी सांगत नाही.

मग टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. त्यांनी इच्छा वाढू शकते, तिची दिशा बदलत नाही. 1940 च्या दशकातच हे करून पाहिलेलं आहे. उलट बाहेरून हार्मोन मिळाल्यावर मेंदू वृषणांना पाठवायचा इशारा थांबवतो. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, काहींचे तर शून्यावर येतात. रक्त दाट होतं, तोंडावर आणि पाठीवर पुटकुळ्या येतात. नातवाच्या आशेनं आलेल्या घराला नातवाची शक्यताच कमी करणारं औषध विकायचं, याला कसब लागतं. कोर्स संपल्यावर शरीराचं स्वतःचं उत्पादन पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात. तोवर थकवा, उदासी. त्यालाच ‘आजार उलटला’ म्हणत दुसरा कोर्स गळ्यात मारतात.

गोळ्यांचं प्रकरण जरा सभ्य दिसतं. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी लैंगिक इच्छा मंदावते. मनोविकारांवरच्या काही गोळ्यांनी झोप आणि वजन वाढतं. पोरगं गप्प पडून राहतं आणि घरचे म्हणतात, ‘गुण आला.’ पैसे वडील भरतात, गुण आला की नाही तेही वडीलच ठरवतात. ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याला विचारायची सोयच या सेवेत नाही. उदासी खरोखर असेल तर याच गोळ्या कामाच्या, पण मग चिठ्ठीवर तसं निदान हवं. ते लिहून मागा. आणि चालू गोळ्या एकदम तोडू नका: चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञाला दाखवून हळूहळू उतरवायच्या.

देवऋषाकडे अंगारा, उतारा, लिंबू इथवर खिशालाच चाट. ‘बाधा’ काढायची म्हणून बांधलं, मारलं, मिरचीची धुरी दिली, तर राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. जाता जाता एक: साडी नेसलेला यल्लम्माचा जोगता दारात आला की हीच घरं पदर पसरून आशीर्वाद घेतात. जोगता म्हणजे समलैंगिक नव्हे, हे कबूल. पण ‘आपल्यात असलं काही नसतं’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच उंबऱ्यावर काय चालत आलंय ते तरी बघावं.

सगळ्यांत महाग जोडसेवा म्हणजे लग्न. ‘बायको आली की सुधारेल’ हा सल्ला फुकट मिळतो, बिल दुसऱ्याच घरच्या पोरीच्या नावावर फाटतं. महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीनं संमती घेतली, असं म्हणत हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली ती लग्न रद्द करायला अर्ज करू शकते. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. मुलगी समलैंगिक असेल तर बाकीचे टप्पे गाळून घर थेट इथंच येतं: मोबाईल काढून घ्यायचा, नोकरी सोडायला लावायची, स्थळ बघायचं.

मग जायचं कुठे? मनोविकारतज्ज्ञाची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. क्रमांक विचारा; खरा माणूस रागावत नाही. फोनवर एकच प्रश्न टाका: ‘तुम्ही हे बदलता का?’ ‘प्रयत्न करू’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. बरा समुपदेशक आई-वडिलांना बाहेर बसवून मुलाशी वेगळं बोलतो, आणि आई-वडिलांनाही त्यांचा वेळ देतो, कारण झोप बहुधा त्यांचीच उडालेली असते. सोलापुरातल्या रेल्वे लाईन्स भागातल्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये पाहुणा भेटेल म्हणून पुण्याची गाडी पकडणारे आहेत. त्याआधी टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 लावून बघा: सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा इथे कामाचा. लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही, माहिती गुप्त ठेवावी लागते, आणि समाजाच्या रीतीत बसत नाही एवढ्यावर कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. सज्ञान मुलाला मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. ‘व्यसनमुक्तीत टाकून या महिनाभर’ हा काकांचा तोडगा यात बसत नाही.

पैसे गेलेच असतील तर बिल शोधा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरकडे केसपेपरची मागणी केली की 72 तासांत द्यावे लागतात. मागणी लेखी करा, पोच घ्या. कौन्सिलकडे तक्रार वेगळी, भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग वेगळा. आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि सेवेला मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही. बिलच दिलेलं नसेल तर यूपीआयची नोंद, मेडिकलची पावती, लॅबचा रिपोर्ट जपून ठेवा. रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ बहुधा छापलेली असते. ‘घरचंच प्रकरण आहे, कशाला वाढवताय’ असं ऐकायला मिळालं तर वाद न घालता पाटीवरच्या नोंदणी क्रमांकाचा फोटो काढून घ्या. पाटीवर क्रमांकच नसला तर पाटीचाच काढा.